बिऱ्हाड निघाले, कार्ड मात्र घरीच राहिले

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांमधून ट्रॅक्टर आणि ट्रक भरू लागतात. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्याही त्याला अपवाद नाहीत. पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, घागर, अंथरूण-पांघरूण, कोप उभी करायचे बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, दोन-चार कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसे. वाट कुठली, हे उचल कोणत्या मुकादमाची घेतली त्यावर ठरते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कुणी सातारा-पुण्याकडे, तर कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. पुढचे पाच-सहा महिने घर तिकडेच असते.

या सामानात जवळजवळ सगळा संसार असतो. पण एक वस्तू हमखास मागे राहते. ती म्हणजे आरोग्याचे कागद. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड भिंतीवरच्या पिशवीत राहते, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी सासऱ्यांच्या खिशात, तर सोनोग्राफीचा अहवाल माहेरी. शरीर साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब जाते आणि त्याचा इतिहास गावात राहतो. ऊसतोड कुटुंबांच्या कितीतरी दुखण्यांचे मूळ या एका ताटातुटीत आहे.

प्रवासापासूनच सुरुवात

सामानाने भरलेला, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरपेक्षा फारसा वेगाने जात नाही. म्हणजे कोल्हापूरकडची वाट एका दिवसात संपत नाही. रात्रीचा प्रवास, उघड्यावरचा वारा, धूळ आणि सतत बसणारे हादरे. मागच्या ट्रॉलीला दिवा किंवा चमकणारी पट्टी नसेल तर मागून येणाऱ्या वाहनाला अंधारात ती दिसतच नाही. त्यामुळे सर्वांत मोठा धोका अपघाताचा असतो. पट्टीचा खर्च नगण्य असतो. निघण्याआधी ती लावली आहे की नाही, एवढे पाहणे टोळीतल्या कुणालाही जमण्यासारखे आहे.

दुसरा धोका दिसत नाही. वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी तासन्‌तास रोखून धरली जाते. पाणी कमी आणि मूत्राशय भरलेले, ही स्थिती जंतूंना वाढायला पोषक असते. जळजळ, वारंवार लघवीला लागणे, ओटीपोटात दुखणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे मग नव्या जागी पोहोचताच सुरू होतात. दर तीन-चार तासांनी आडोशाच्या, उजेडाच्या ठिकाणी गाडी थांबवणे ही चैन नव्हे, तो आजार टाळण्याचा उपाय आहे.

गरोदर महिलेसाठी लांबचा प्रवास चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यातल्या त्यात सुरक्षित मानला जातो. दिवस भरत आलेल्या बाईने ट्रॉलीवर बसून जाणे टाळलेच पाहिजे. प्रवासात रक्तस्राव, पोटात कळा, डोके फार दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर मुक्कामाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा मोफत आहे आणि कर्नाटकातही हाच क्रमांक चालतो.

कोपीतले घर

फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात. बांबू, चटया, पाचट आणि वरून ताडपत्री. वाकूनच आत जायचे, आतच चूल आणि आतच अंथरूण. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तोंड बंद केलेल्या कोपीत धूर कोंडतो. लहान मुलांचा खोकला महिनाभर हटत नाही, त्यामागे अनेकदा हा धूर असतो. मूल भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, तर तो साधा खोकला राहिलेला नाही. तो न्यूमोनिया असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

जमिनीवर झोपणाऱ्यांना आणखी एका जीवाचे भय असते. मण्यार रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका कमी दुखतो की अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. उसाच्या फडात आणि पाचटात घोणसही आढळते. दोन्हींवर प्रतिविष आहे आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. जखम कापणे, घट्ट आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारा एक-एक तास जीवघेणा ठरतो. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांना तर अडवतेच, पण मण्यारीलाही बऱ्याच अंशी दूर ठेवते.

पिण्याचे पाणी बहुधा विहिरीचे, कालव्याचे किंवा टँकरचे असते. क्लोरीनची गोळी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबले की ते पिण्याजोगे होते. जुलाब लागलेच तर ओआरएसचे पाकीट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे माप लक्षात ठेवावे. मीठ जास्त झाले तर ते मुलाला घातक ठरते, म्हणून अंदाजाने टाकू नये.

घाम, गोळी आणि मूत्रपिंड

ऊसतोडीचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. तोडणी, वाढे छाटणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवणे. गाडी रात्री आली तर रात्रीही भरावी लागते. थंडी सरली आणि फेब्रुवारी-मार्चचे ऊन तापू लागले की हेच काम मूत्रपिंडाची परीक्षा घेते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण मोठे असल्याचे गेल्या दोन-अडीच दशकांत समोर आले. त्यांतल्या अनेकांना मधुमेहही नव्हता आणि रक्तदाबही. नेमक्या कारणांवर अजून संशोधन सुरू आहे. मात्र उन्हात अतिकष्ट आणि त्याबरोबर शरीरातले पाणी कमी होणे, हे त्यातले महत्त्वाचे कारण मानले जाते. तिथल्या साखर कारखान्यांत मजुरांना ठरावीक वेळाने सावली, विश्रांती आणि पाणी देण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे दिसले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त सावली, पाणी आणि थोडी उसंत.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते, ती वेदनाशामक गोळ्यांची. कंबर-गुडघे दुखतात आणि काम बुडवणे परवडत नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून रोज गोळी घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगातले पाणी आधीच आटलेले असताना रिकाम्या पोटी घेतलेली ही गोळी दुप्पट महागात पडते. लघवी गडद पिवळी होणे ही पहिली सूचना असते. तेव्हा गोळीआधी पाणी हवे.

न परतणारे एक पाऊल

आरोग्याचा धागा तुटला की काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण बीड जिल्ह्यानेच देशासमोर ठेवले. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने विधान परिषदेत सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य यंत्रणेने ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण केले. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्यात पस्तिशीही न गाठलेल्या अनेक जणी होत्या.

हे का घडते, ते हंगामाच्या चक्रात पाहिले की समजते. फडावर शौचालय नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीचे कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नाही. त्यातून अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. यातले बरेचसे संसर्ग औषधांनी बरे होणारे असतात. पण उपचार पूर्ण व्हायचे तर पुन्हा तपासणीला जावे लागते आणि तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. दुखणे अंगावर काढत हंगाम संपतो. गावी परतल्यावर 'पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल' एवढे ऐकले की बाई आयुष्यभराचा निर्णय एका दिवसात घेते. पाळी गेली की खाडाही गेला, हा हिशेबही त्यामागे असतो.

गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर शरीरातील इस्ट्रोजेन एकदम कमी होते. तिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता असते. ज्या कंबरदुखीपासून सुटका हवी होती, तीच उलट वाढते आणि डोक्यावर मोळी तर तशीच राहते.

या प्रकरणानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. कुणी शस्त्रक्रिया सुचवलीच तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेणे हा बाईचा हक्क आहे. पांढरे पाणी म्हणजे कॅन्सर नव्हे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी होते, त्यानंतर निर्णय.

जे कुठेही चालू राहते

दिलासा देणारी गोष्ट ही की अनेक सेवा आता गावाला बांधलेल्या नाहीत. बाळाची लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते. एखादा डोस चुकला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे देता येतो. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस मात्र लांबवू नये, कारण तळावरच्या दाटीवाटीत गोवर झपाट्याने पसरतो. गरोदर महिलांची मोफत तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला देशभरातील सरकारी रुग्णालयांत होते. शिधापत्रिकेवरचे धान्यही दुसऱ्या गावात, अगदी दुसऱ्या राज्यातही घेता येते.

क्षयरोगाचे उदाहरण तर बोलके आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दसऱ्याला निघून पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या कुटुंबाचा हंगामही जवळपास तेवढाच. म्हणजे गावात सुरू झालेले औषध फडावरच पूर्ण करावे लागते. रुग्णाचा निक्षय क्रमांक सोबत असेल तर नव्या गावातील सरकारी केंद्रात तेच औषध पुढे मोफत चालू होते. पोषणासाठी दरमहा मिळणारे १,००० रुपयेही खात्यात येत राहतात. क्रमांक नसेल आणि गोळ्या मध्येच थांबल्या, तर जंतू औषधांना जुमानेनासे होतात आणि मग उपचार अवघड होऊन बसतो.

रक्तदाब आणि मधुमेहाचेही तसेच. 'लहान पांढरी गोळी' असे सांगून नवा डॉक्टर औषध ओळखू शकत नाही. गोळीचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी हवी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावे. शीतकपाट नसलेल्या कोपीत हा उपाय चांगला चालतो.

गाठोड्यातली एक पिशवी

निघण्याच्या आदल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात एक फेरी पुरेशी आहे. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसले आहे. तेव्हा लोहाच्या गोळ्या हंगामभर पुरतील एवढ्या मागून घ्याव्यात.

मग एक प्लास्टिकची पिशवी घ्यावी. तीत माता-बाल संरक्षण कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल, निक्षय आणि आभा क्रमांक, गावच्या आशाताईंचा फोन नंबर, ओआरएसची पाकिटे आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढावा, कारण कोपीला ओल लागते आणि कधी आगही लागते. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशा किंवा अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवावे.

अर्थात सगळा भार कुटुंबावर टाकून चालणार नाही. तळावर शौचालय, पिण्याचे पाणी, सावली आणि आठवड्यातून एकदा येणारे आरोग्य पथक ही कारखाने आणि सरकार यांची जबाबदारी आहे. साखर ज्यांच्या कोयत्यावर उभी आहे, त्यांना एवढे मागावे लागू नये. पण ते होईपर्यंत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीच्या पिठाच्या डब्याशेजारी त्या पिशवीपुरती जागा ठेवता येते. पुढच्या सहा महिन्यांत कुणाला तरी तिची गरज पडणारच आहे.