२३ वर्षांनी संपलेली मालिका

'द व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचा पहिला भाग १९९० साली आला, शेवटचा 'अ मेमरी ऑफ लाइट' जानेवारी २०१३ मध्ये. कॉलेजात असताना पहिला भाग हातात घेतलेला वाचक तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.

मधल्या काळात लेखकच गेला. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले तेव्हा मालिका अर्धवट होती. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला शोधलं. तो शाळकरी वयापासून या मालिकेचा चाहता! जॉर्डन यांच्या टिपणांवरून एकच पुस्तक करायचं होतं, झाली तीन. एकूण चौदा भाग, शिवाय एक पूर्वकथा.

शेवटच्या पुस्तकात अंतिम युद्धाचं एकच प्रकरण सुमारे दोनशे पानांचं आहे. मध्ये उसंत नाही. वाचक जेवण विसरतो, उद्याचं ऑफिसही विसरतो. पाडान फेनला मात्र फारच घाईत उरकलंय. पहिल्या भागापासून नायक रँडचा पाठलाग करणारा हा खलनायक, आणि त्याच्या वाट्याला मोजकीच पानं? ही तक्रार रास्तच.

शेवटच्या प्रसंगाचा बराचसा मजकूर जॉर्डन यांनी स्वतः लिहून ठेवला होता. (कथानक फुटू नये असं वाटणाऱ्यांनी इथेच थांबावं.) त्यात रँडची जादू गेलेली आहे. तरी तो पाइप हातात घेतो, तंबाखू पेटल्याची नुसती कल्पना करतो आणि ती पेटते. कशी, ते पुस्तक सांगत नाही. चाहते अजून भांडतायत.