विद्यार्थी बदलतात, प्रकल्प चालू राहतो

ठिबक संचातील ड्रिपर चोंदण्याची तक्रार विस्तार कार्यकर्त्यांना नवीन नाही. क्षार साचले असतील तर आम्लप्रक्रिया, शेवाळ वा जिवाणू वाढले असतील तर क्लोरीन प्रक्रिया, हे उपाय सर्वज्ञात आहेत. परंतु फिल्टर पाण्याच्या प्रतीनुसार निवडला आहे का, हा प्रश्न अभियांत्रिकीचा. प्रक्रियेचा खर्च परवडतो का, हा अर्थशास्त्राचा. आणि शिफारस ठाऊक असूनही ती का टाळली जाते, हा विस्तारशिक्षणाचा. शेतातील अडचण विद्यापीठाच्या विभागांप्रमाणे वाटून येत नाही, आणि तिचा उलगडा एका सत्रातही होत नाही.

नेमक्या या दोन अडचणींवर अमेरिकेत एक शैक्षणिक रचना उभी राहिली आहे. इंडियाना राज्यातील पर्ड्यू हे लँड-ग्रँट परंपरेतील विद्यापीठ. भारतातील कृषी विद्यापीठांची घडणही याच परंपरेच्या धर्तीवर झाली. तेथे १९९५ मध्ये एडवर्ड कॉयल व लीआ जेमिसन या प्राध्यापकांनी ‘एपिक्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्यांचे गट स्थानिक सेवाभावी संस्थांच्या तांत्रिक गरजांवर काम करीत. पुढे २००१ मध्ये कॉयल यांनी ‘व्हर्टिकली इंटिग्रेटेड प्रोजेक्ट्स’ म्हणजे ‘व्हीआयपी’ची सुरुवात केली आणि २००९ पासून ते जॉर्जिया टेक येथे रुजले. आज अनेक देशांतील विद्यापीठे ही पद्धत वापरतात.

नावातील ‘व्हर्टिकल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एकत्र आणणे तुलनेने सोपे. येथे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, अंतिम वर्षाचा विद्यार्थी आणि पीएच.डी.चा संशोधक एकाच गटात बसतात. विषय प्राध्यापकाच्या चालू संशोधनातून येतो व अनेक वर्षे चालतो. दर सत्राला श्रेयांक मिळत असल्याने विद्यार्थी सलग काही सत्रे टिकतो. जुने पदवी घेऊन जातात तेव्हा काम समजलेले कनिष्ठ तेथे असतातच. मूल्यमापनात प्रत्यक्ष योगदानाबरोबर नोंदी आणि सहकाऱ्यांशी केलेले सहकार्यही मोजले जाते. नोंदवही हा येथे उपचार नव्हे; पुढच्या गटाची सुरुवात तिच्यातूनच होते.

भारतात २५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेत ग्रामीण कृषी कार्यानुभव, अनुभवाधारित शिक्षण व विद्यार्थी प्रकल्प यांचा समावेश आहे. महाराष्ट्रातील गावांना त्यातील कृषिदूत व कृषिकन्या परिचित आहेत. गावाशी येणारा त्यांचा थेट संबंध ही या योजनेची मोठी जमेची बाजू, आणि ती व्हीआयपीत असेलच असे नाही. मात्र हे विद्यार्थी सहसा एकाच पदवीचे व एकाच वर्षाचे असतात. मुदत संपताच गट परततो, अहवाल महाविद्यालयात जमा होतो आणि पुढील वर्षीचा गट बहुधा माती परीक्षणाच्या प्रात्यक्षिकापासून पुन्हा आरंभ करतो.

अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहताही काही करता येण्याजोगे आहे. कृषी विज्ञान केंद्राने गावासाठी एकच प्रश्न निवडून सलग तीन-चार गटांकडे सोपवावा. ड्रिपरचाच प्रश्न घेतल्यास पाणी तपासणीचे अहवाल, त्याच ठरावीक ड्रिपरमधून दर हंगामात मोजलेला प्रवाह, प्रक्रियेच्या तारखा व खर्च अशी एक वही केंद्रातच राहील. नव्या गटाच्या हाती पहिल्या दिवशी तीच द्यावी, आणि शक्य असल्यास कृषी अभियांत्रिकीचे एक-दोन विद्यार्थीही त्यांच्यासोबत जोडावेत.