तपासणीचा तास

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शाळांच्या तपासणीबद्दल जेमतेम दोन-तीन वाक्यं आहेत, पण ती वर्मावर बोट ठेवतात. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा फारसा उपयोग नाही. निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी आणि अधूनमधून वर्दी न देताही शाळेत जावं, असं त्यांनी सुचवलं होतं. वर्दी देऊन गेलं की काय दिसतं, हे त्यांना ठाऊक असणार. पुढं आपल्या कित्येक पिढ्यांनी ते पाहिलं. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी शेणानं सारवलेली जमीन, घोकून घेतलेली उत्तरं, ठरवून पहिल्या बाकावर बसवलेली मुलं आणि शेवटी शेरेबुकात ‘समाधानकारक’.

वर्दी किती आधी द्यायची, हा प्रश्न ज्यांच्या सरकारपुढे फुल्यांनी मांडला होता त्या इंग्लंडलाही सुटलेला नाही. तिथल्या फर्दर एज्युकेशन कॉलेजांची तपासणी होते त्याचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं. एके काळी या कॉलेजांना तपासणीची तारीख महिनोन्‌महिने आधी कळायची. २०१२ मध्ये ही मुदत कामकाजाच्या दोन दिवसांवर आली. दोन दिवसांत भिंती रंगवून होत नाहीत हे खरं; पण मग वर्षभर भिंती रंगवत राहण्याची सवय लागते, हा त्यातून निघालेला नवा रोग.

ही कॉलेजं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सोळाव्या वर्षी शाळा संपली की तिथली बरीच दुनिया इथे येते. गवंडीकाम, प्लंबिंग, मोटार दुरुस्ती, केशकर्तन, स्वयंपाक, बालसंगोपन शिकणारी मुलं असतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे प्रौढ असतात, नव्या देशात इंग्रजी शिकू पाहणारे स्थलांतरित असतात, आणि शाळेत गणितात नापास झालेले तर असतातच. आपल्याकडचं आयटीआय, कनिष्ठ महाविद्यालय आणि रात्रशाळा एकाच इमारतीत नांदावीत, तसा हा संसार. सर अँड्र्यू फॉस्टर यांनी २००५ च्या आपल्या अहवालात या क्षेत्राला शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधलं दुर्लक्षित मधलं मूल म्हटलं होतं. मंत्र्यांची स्वतःची मुलं इथे शिकत नाहीत. अशा संस्थांचं मूल्यमापन नेहमी वरून, दुरून आणि थोड्या संशयानं होतं, याचं ते एक कारण असावं.

१ एप्रिल १९९३ ला ही कॉलेजं स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या ताब्यातून बाहेर पडली आणि स्वायत्त झाली. पैसा आणि तपासणी दोन्ही फर्दर एज्युकेशन फंडिंग कौन्सिल नावाच्या एकाच मंडळाकडे गेली. निरीक्षक वर्गात बसत आणि तासाला १ ते ५ अशी श्रेणी देत. १ म्हणजे उत्तम. पहिली फेरी अशी गेली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत मंडळानं केलेला बदल मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कॉलेजनं आधी स्वतःचं मूल्यमापन स्वतः लिहायचं: कुठला विभाग बलवान, कुठला लंगडा, पुरावा काय. निरीक्षकांनी येऊन तो अहवाल कितपत खरा आहे ते पडताळायचं. शिवाय कॉलेजमधलाच एक वरिष्ठ माणूस ‘नॉमिनी’ म्हणून निरीक्षकांच्या बैठकांना बसायचा. चमूतले बरेच निरीक्षकही दुसऱ्या कॉलेजांत रोज शिकवणारे असत, त्यामुळे थापा पचणं जरा अवघड जाई.

या पद्धतीतून एक गोष्ट सारखी दिसत राहिली. आपल्याच तासांना श्रेणी देताना कॉलेजं निरीक्षकांपेक्षा उदार असत. यात नवल नाही. स्वतःच्या लेकराला कोण नापास करतं? पण माझ्या मते व्यवस्थापनाच्या गुणवत्तेचा खरा मापदंड नेमका इथेच आहे. इमारत, संगणक, धोरणपत्रिका, भिंतीवरचं ध्येयवाक्य हे सगळं पैशानं मिळतं. आपल्या कॉलेजमधला सर्वांत कमकुवत वर्ग कोणता, तो कमकुवत का आहे आणि गेल्या वर्षी त्यासाठी काय केलं, हे प्राचार्यांना न विचारता सांगता येतं का? कॉलेजनं स्वतःला दिलेली श्रेणी आणि बाहेरच्यानं दिलेली श्रेणी यांत जितकं अंतर, तितकं ते व्यवस्थापन आपल्या वर्गांपासून लांब. ज्या कॉलेजचा स्वतःबद्दलचा अहवाल कडू पण खरा आहे, त्याचं व्यवस्थापन मी चांगलं म्हणेन, मग निकाल थोडा खाली असला तरी.

अडचण अशी, की ज्याच्या हाती तिजोरी त्याच्याच हाती शेरा असेल तर खरं बोलणं महाग पडतं.

मंडळ कॉलेजांना ‘युनिटां’त पैसे देई: विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी काही, वर्षभर टिकल्याबद्दल बरेच आणि पास झाल्याबद्दल शेवटचा छोटा हिस्सा. कागदावर न्याय्य. पण निकालावर पैसा हा प्रयोग इंग्लंडनं आधीही करून पाहिला होता. १८६२ च्या सुधारित संहितेनुसार शाळेचं अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेत त्यांनी काय केलं यावर ठरू लागलं. परीक्षा घ्यायला जाणारे निरीक्षक. त्यांतला एक कवी मॅथ्यू अर्नोल्ड. या पद्धतीनं शिकवणं यांत्रिक होतंय, अशी तक्रार तो आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षं करत राहिला. हीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू होती आणि हंटर आयोगासमोर तिच्यावर वाद झाला. म्हणजे ही कथा आपल्याला परकी नाही.

१९९० च्या दशकात पैशाच्या मागे धावताना काही कॉलेजं घसरली. विडनेसच्या हॉल्टन कॉलेजनं निधीसाठी वाजवीपेक्षा जास्त दावे केले आणि तिथल्या वरिष्ठांचे परदेश दौरे चर्चेचा विषय झाले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. अशी प्रकरणं गाजतात. न गाजणारी, रोजची चलाखी जास्त बोलकी आहे. समजा एका अभ्यासक्रमाला १०० जणांनी प्रवेश घेतला, ८० टिकले आणि त्यांतले ७२ पास झाले. ‘आमचा निकाल ९० टक्के’ असं कॉलेज अभिमानानं छापू शकतं. आठ जणच तर नापास! पण सुरुवात केलेल्या शंभरांतले ७२ च शेवटाला पोचले. म्हणून तिथे टिकणं आणि पास होणं यांचा गुणाकार करून खरा दर काढतात. हा शहाणा आकडा आहे, आपल्या निकालपत्रकांनीही तो छापायला हरकत नाही. त्यातही एक फट राहतेच. लांब पल्ल्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या ४२ दिवसांत सोडून गेलेला विद्यार्थी सुरुवात केलेल्यांत धरत नाहीत. डळमळीत मुलाला सहाव्या आठवड्याच्या आत ‘हा कोर्स तुझ्यासाठी नाही’ असं सांगणं हे समुपदेशन की आकड्याची मशागत? आकड्यातून ते कळत नाही. वर्गात जाऊन त्या मुलाशी बोललं तरच कळतं.

तेव्हा शेवटी वर्गात जावंच लागतं. आणि खरी भानगड तिथेच सुरू होते.

२००७ मध्ये कॉलेजांची तपासणी पूर्णपणे ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे आली. ऑफस्टेडनं तासांना श्रेणी द्यायची आणि कॉलेजांनी त्याची तालीम म्हणून वर्षभर आपल्याच शिक्षकांच्या तासांना श्रेणी द्यायची, असा प्रकार घट्ट झाला. वाईट श्रेणी मिळालेल्या शिक्षकावर चौकशीची टांगती तलवार. मॅट ओ’लिअरी यांनी २०१३ मध्ये शिक्षकांच्या संघटनेसाठी यावर मोठा अभ्यास केला. जवळजवळ चार हजार जणांनी उत्तरं दिली. श्रेणीच्या तासानं आपलं शिकवणं सुधारतं, असं फार थोड्यांना वाटत होतं. बहुतेक जण त्या दिवशी एक राखून ठेवलेला, सुरक्षित, दाखवण्याजोगा तास घेत. मुलांनाही ते कळायचं. पाहुणा बसलेला असताना सर आज भलतेच गोड का बोलतायत, हे सतरा वर्षांच्या पोरांना सांगावं लागत नाही.

त्याच सुमारास डरॅम विद्यापीठाचे रॉबर्ट को यांनी शाळांच्या संदर्भात आणखी एक अस्वस्थ करणारा हिशेब मांडला. एका निरीक्षकानं सर्वोच्च शेरा दिलेल्या तासाला दुसरा निरीक्षक वेगळा शेरा देईल, याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. निरीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. शिकणं डोळ्यांना दिसत नाही म्हणून. वर्ग शांत आहे, मुलं लिहितायत, धडा वेळेत संपला, यांतलं काहीही मुलं शिकली याचा पुरावा नव्हे. सप्टेंबर २०१५ पासून ऑफस्टेडनं कॉलेजांतल्या एकेका तासाला श्रेणी देणं थांबवलं. कॉलेजांनी मात्र ती सवय लगेच सोडली नाही. वरच्यानं काठी खाली ठेवली तरी मधला ती उचलून घेतो, हे आपल्याही कार्यालयांत पाहायला मिळतं.

श्रेणी गेल्यावर वर्गात पाहायचं काय? हा प्रश्न मला जास्त रोचक वाटतो, कारण कार्यशाळेत त्याची उत्तरं मिळू शकतात. तांब्याच्या नळाचा सांधा गळतो तेव्हा शिक्षक स्वतः पुढे होऊन तो दुरुस्त करतो, की ‘का गळला असेल?’ असं विचारून थांबतो? दोन महिन्यांपूर्वीचं आणि आजचं काम शेजारी ठेवलं तर हात सुधारलेला दिसतो का? वर्गातला सर्वांत हळू मुलगा काय करतोय? मालकाकडे उमेदवारी करणाऱ्या मुलीला कॉलेजात शिकवलेलं दुकानात उपयोगी पडतं का, हे मालकालाच विचारलं आहे का? २०१९ पासूनच्या तपासणीच्या चौकटीत निरीक्षक साधारण याच दिशेनं जाऊ लागले: हे आधी आणि ते नंतर का शिकवता, हा क्रम कुणी ठरवला. पण ज्यानं तो क्रम लावायचा तो प्लंबिंग शिकवणारा माणूस बहुधा वीस वर्षं नळ जोडून शिक्षक झालेला असतो. शिकवण्याची पदविका असलीच पाहिजे ही सक्ती आली आणि २०१३ मध्ये गेली. पगार शाळेपेक्षा कमी, आणि बांधकाम ठेकेदार त्याहून जास्त द्यायला तयार. चांगला शिक्षक टिकवणं हे तिथल्या व्यवस्थापनाचं सर्वांत कठीण काम, आणि कुठल्याही शेऱ्यात ते धड मावत नाही.

मावत नाही असं आणखी एक: २०१४ पासून शाळेत गणित किंवा इंग्रजीत अडखळलेल्या मुलांना कॉलेजात ते विषय पुन्हा शिकवणं निधीसाठी सक्तीचं आहे. फेरपरीक्षेत पाचांतला जेमतेम एक पार होतो. अकरा वर्षं शाळेनं जे साधलं नाही ते नऊ महिन्यांत न साधल्याबद्दल कॉलेजला किती दोष द्यायचा? मुलं कुठून निघाली ते न पाहता फक्त कुठे पोचली ते मोजलं, तर गरीब वस्तीतलं कॉलेज कायम वाईटच ठरणार.

पैशाचा कारभार तर वेगळ्याच खिडकीवर. तो पाहायला २०१३ पासून निराळा आयुक्त नेमला आहे. केंटमधलं हॅडलो कॉलेज मे २०१९ मध्ये नव्या दिवाळखोरी कायद्याखाली प्रशासकाकडे गेलेलं पहिलं कॉलेज ठरलं. वर्ग बघणाऱ्यानं वही बघायची नाही आणि वही बघणाऱ्यानं वर्ग, अशी विभागणी असली की दोघांच्या मधून बरंच काही निसटतं.

आपल्याकडे कॉलेज-विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकनं २०१७ मध्ये बहुतेक गुण संस्थेनं भरलेल्या आकड्यांवर ठेवले. प्रत्यक्ष भेटीला साधारण तीस टक्के. माणसांच्या लहरीपेक्षा आकडे बरे, हा विचार. पुण्याचे भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष असताना श्रेणींच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उपस्थित करून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली. श्रेणीला जितकी किंमत येते तितका तिचा बाजार होतो.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या टोकाची किंमत मोजली गेली. जानेवारी २०२३ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनं तपासणीनंतर जीवन संपवलं, आणि तपासणीचा त्यात वाटा होता असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, कॉरोनरनं, वर्षअखेरीस दिला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांचा एका शब्दातला शेरा बंद झाला. कॉलेजांना त्यासाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या मुलाच्या वाट्याला येतं तसं. आता एका शब्दाऐवजी रिपोर्ट कार्ड आहे: नेतृत्व, सर्वसमावेशकता, शिकवणं, स्थानिक रोजगाराच्या गरजा अशा अनेक रकान्यांत ‘तातडीनं सुधारणा’पासून ‘असाधारण’पर्यंत पाच पायऱ्या. एका शेऱ्याची भीती अनेक शेऱ्यांत वाटली गेली, एवढंच झालं की आणखी काही, ते पहिल्या फेरीनंतर दिसेल.

महाराष्ट्रातल्या आयटीआयसाठी या सगळ्यातून एकच गोष्ट उचलायची झाली तर मी १९९७ ची उचलेन. संस्थेनं आधी आपला खरा अहवाल लिहावा, मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेच्या दोन शिल्पनिदेशकांनी येऊन, चार दिवस कार्यशाळेत उभं राहून तो पडताळावा, आणि त्या अहवालावर अनुदानाचा एक रुपयाही अवलंबून नसावा. खर्च प्रवासभत्त्याचा. पण निदेशकांच्या कितीतरी जागा रिकाम्या असताना, एकाच निदेशकाकडे दोन-दोन तुकड्या असताना, त्यांना चार दिवस मोकळं कोण करणार, हे आधी संचालनालयाला ठरवावं लागेल.