परसबागेत औषधी झाडं लावताय? आधी पाणी बघा, मग गुळवेल ओळखा

आपल्या वडिवळ्याच्या पावसात परसबागेतली रोपं किडीपेक्षा मुळं कुजूनच जास्त जातात. माझी तुळस गेल्या पावसात अशीच गेली, पागोळीखाली लावली होती! म्हणून पाणी कुठं पडतं, कुठं साचतं ते आधी बघा.

गवती चहाचे ठोंब बांधावर दोन-दोन फुटांवर लावा, मातीही धरून ठेवतो. आलं, हळद गादीवाफ्यावरच. पानओवा फांदीपासून सहज लागतो, पण पाणी साचलं की सडतो. कुंडीत लावून ओसरीवर ठेवा. अडुळसा कुंपणाला, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कोथिंबीर दसऱ्यानंतर.

गुळवेलीची फांदी मात्र कुणाकडूनही आणू नका. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल अपायकारक ठरू शकते, असं आयुष मंत्रालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. खऱ्या गुळवेलीची पातळ साल सोलली की आत हिरवं खोड दिसतं. खोडभर फोडांसारखे उंचवटे असतील, कापल्यावर दुधट चीक येत असेल, तर ती वेल लावू नका. आणि वेल खरी असली तरी लिव्हरचा त्रास असेल किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घ्यायचा नाही.

ओळख पटत नसेल तर खोड, पान आणि कापलेल्या भागाचा फोटो याच नंबरवर पाठवा. तोवर घरात कुणाला काढा देऊ नका.

– तुमचा कृषी सल्लागार