चार हजारांचं गाव, लाखोंचे पाहुणे

ईदच्या दिवशी पाच माणसांच्या घरात पन्नास पाहुणे येतात, तेव्हा घरातली अम्मी काय करते? एका दिवसासाठी ती चार खोल्या बांधायला काढत नाही. मोठी पातेली शेजारून आणते, रात्रीच पाणी भरून ठेवते आणि दोन महिने आधीपासून थोडे पैसे बाजूला काढते. घरखर्चाचं हे शहाणपण गावालाही लागतं. हंगामात पाहुण्यांनी भरणाऱ्या गावाला तर जास्तच.

आपल्या रायगड जिल्ह्यातलं माथेरान घ्या. 2011च्या जनगणनेत इथली वस्ती साडेचार हजारांच्या आतच होती. पर्यटक मात्र वर्षाला लाखोंनी येतात. आणि तेही रोज सारखे नाहीत. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, मे महिना, पहिला पाऊस या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. बाकीच्या दिवसांत बाजारात शुकशुकाट. अशा गावाचं बजेट चार हजार माणसांसाठी करायचं की गर्दीच्या दिवसासाठी? तिथल्या नगरपरिषदेला हा पेच दरवर्षी सोडवावा लागतो.

माथेरानच्या भरभराटीत एका मुस्लिम घराण्याचाही वाटा आहे. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसैन यांनी नेरळ ते माथेरान ही सुमारे 21 किलोमीटरची रेल्वे बांधली. सुमारे 16 लाख रुपये खर्चून झालेली ही गाडी 1907 साली सुरू झाली. पाहुणा येण्याची वाट त्यांनी केली. आलेल्या पाहुण्याची सोय लावण्याचं काम मात्र नगरपरिषदेकडे आलं.

आता पैशाकडे पाहू. अशा नगरपरिषदेला मुख्यतः तीन वाटांनी पैसा मिळतो. पहिली वाट घरपट्टीची. केंद्र सरकारने 2003 साली माथेरान आणि आसपासचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्यामुळे बांधकामावर कडक मर्यादा आहेत. नवी इमारत नाही, म्हणजे घरपट्टीही फारशी वाढत नाही. दुसरी वाट सरकारी अनुदानाची. वित्त आयोगाचं अनुदान वाटताना लोकसंख्येला मोठं वजन असतं, आणि जनगणनेत पाहुणे मोजले जात नाहीत. तिसरी वाट पर्यटकांकडून प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या कराची. आपण कुटुंबासह गेलो की माणशी जी पावती फाडतो, ती हीच.

पण या तिसऱ्या वाटेचा भरवसा नाही. 2020 साली कोरोनाने पर्यटन बंद पाडलं. त्याआधी 2019च्या पावसात रेल्वेमार्ग खचला आणि नेरळहून वर येणारी गाडी 2022 पर्यंत बंद राहिली. पाहुणा आला नाही म्हणून सफाई कामगाराचा पगार थांबत नाही, रस्त्यावरचे दिवे विझवता येत नाहीत. उत्पन्न हंगामी असतं, खर्च मात्र बारमाही. म्हणूनच चांगल्या हंगामातली शिल्लक वाईट हंगामासाठी राखून ठेवणं हा अशा गावाच्या बजेटचा पहिला नियम असायला हवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. डोंगरावर मुसळधार पाऊस पडतो, पण तो वाहून खाली जातो. शार्लोट तलावाचं पाणी पुरत नाही, म्हणून नेरळहून पाणी पंपाने वर चढवावं लागतं. हॉटेलातल्या प्रत्येक आंघोळीमागे विजेचं बिल असतं. मे महिन्यात पर्यटक सर्वाधिक आणि पाणी सर्वांत कमी. तेव्हा पाणी कोणाला आधी, हॉटेलला की घोडेवाल्याच्या घराला? हा निर्णय कागदावर आधीच झाला नाही, तर टंचाईच्या दिवसात ज्याचा पंप मोठा त्याचीच टाकी भरते.

“मग अजून हॉटेलं बांधू द्या, कर वाढेल,” असं कोणी म्हणेल. हॉटेल मालकाचं आणि तरुण मुलांच्या रोजगाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण लोक माथेरानला येतात ते झाडीसाठी, लाल मातीच्या वाटांसाठी आणि मोटारींशिवायच्या शांततेसाठी. ती मुद्दल आहे. व्याजावर घर चालतं. मुद्दल मोडली तर पुढची पिढी काय खाईल?

मात्र निसर्ग राखण्याची किंमत फक्त गरिबाने मोजावी, हेही बरोबर नाही. मोटारींना बंदी असल्याने इथे वर्षानुवर्षे माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत आला. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करावी आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही न्यायालयाने बजावलं. माणसाच्या इज्जतीलाही बजेटमध्ये रकाना लागतो, असाच याचा अर्थ.

हे सारं माथेरानपुरतं नाही. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, हर्णै, अलिबाग या आपल्या कोकणातल्या गावांतही आता शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. कुणी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतं, कुणाच्या घरातून मासळीचं जेवण जातं. उत्पन्न वाढतं, तसा कचरा वाढतो, विहिरीचं पाणी खाली जातं.

म्हणून बंधू-भगिनींनो, बजेट हा फक्त नगरसेवकांचा विषय समजू नका. नगरपरिषदेचं बजेट नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मंजूर होतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार ते लोकांसमोर ठेवणं बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा आणि चार गोष्टी विचारा. पर्यटकांकडून किती कर जमा झाला? त्यातला किती पाणी, कचरा आणि स्वच्छतागृहांवर खर्च झाला? वाईट हंगामासाठी किती राखून ठेवला? आणि नव्या हॉटेलला परवानगी देताना पाण्याचा हिशेब केला का?

घरातल्या मुलींना, सुनांनाही हा कागद वाचायला द्या. नगरपरिषदेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ज्या हातांनी पन्नास पाहुण्यांचा ईदचा दिवस निभावला, त्यांना गावाचा हिशेब मुळीच जड जाणार नाही.