माडियांचें अंतिम ऋण

शहरांत मरण आलें म्हणजे दुःखाबरोबर व्यवहारही दाराशीं येतो. सामान, वाहन, लांकडें यांची जुळवाजुळव दाम मोजून करावी लागते. इंग्लंड-अमेरिकेंत तर या व्यवहाराचा स्वतंत्र धंदाच झाला. शवपेट्या करणारे सुतार एकोणिसाव्या शतकांत हळूहळू सगळ्या अंत्यविधीची जबाबदारी पत्करूं लागले. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत दूर पडलेल्या सैनिकांचे देह घरीं धाडण्यासाठीं ते टिकविण्याची विद्या वाढली. पुढें अनेक घराण्यांत हा धंदा बापाकडून मुलाकडे चालत आला.

जेथें असा धंदाच नाहीं, तेथें हें काम कोण करतें? याचें उत्तर हेमलकसा परिसरांत सांपडतें. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यांतील हें ठिकाण बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं स्थापिलेल्या लोक बिरादरी प्रकल्पामुळें सर्वश्रुत झालें. भोंवतालच्या रानांत माडिया गोंडांचीं गांवें आहेत.

माडियांत अंत्यविधि हा कुटुंबाचाच कारभार होय. मात्र कुटुंबाची व्याप्ति तेथें मोठी आहे. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांनीं शेजारच्या बस्तरमधील माडियांवर १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कुळांचे दोन पक्ष सांगितले आहेत : ‘दादाभाई’ म्हणजे भाऊबंद, आणि ‘अकोमामा’ म्हणजे ज्यांच्याशीं सोयरीक होते ते.

देहाची व्यवस्था लागली तरी कर्तव्य संपत नाहीं. मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लांकडी खांब उभारावयाचा असतो. मोठा दगड आणावयाचा तर अनेक खांदे हवेत आणि आलेल्यांस जेवणही हवें. धान्य व जनावरें जमेपर्यंत गरीब घरास महिनेच्या महिने, कधीं वर्षेंही थांबावें लागतें. केवळ मजुरी मोजून हें कार्य उरकतां येत नाहीं. आज ज्यानें खांदा दिला, त्याच्या घरच्या प्रसंगीं उद्यां धांवून जावें लागतें. ही उधारी वहींत लिहिलेली नसते; गांवालगत उभे असलेले दगडच तिची साक्ष देतात.

नागपूरजवळ जुनापाणी येथें इसवी सनापूर्वींचीं शिळावर्तुळें आहेत. तीं रचणाऱ्यांचीं नांवें आज कोणासही ठाऊक नाहींत. भामरागडकडे मात्र दगड उभारणारे हात अद्याप आहेत. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ या प्रथेस जिवंत महापाषाण परंपरा म्हणतात. धंद्यांत पैसे चुकते केले कीं संबंध संपतो. येथें ऋण पिढ्यान्‌पिढ्या फिरतें राहतें, आणि त्याच ऋणानें गांव बांधलेलें राहतें.