जर्मनांचा स्वभाव की घटनेतलं कलम?

अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं एखादं सत्र परदेशात काढून येतात, याचं तिथे आता कुणाला नवल वाटत नाही. करोनाच्या आधी वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी असे बाहेर पडत होते. या प्रथेचा उगम १९२३ सालचा. पहिल्या महायुद्धात लढून आलेले डेलावेअर विद्यापीठातले एक प्राध्यापक, रेमंड कर्कब्राइड, आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. पुढे १९३१ साली त्याच विद्यापीठाने म्युनिकलाही विद्यार्थी धाडले. दुसऱ्या महायुद्धाने खंडित झालेला तो उपक्रम १९५३ मध्ये डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठाने पुन्हा उभा केला.

म्युनिकला उतरलेल्या या मुलांना पहिला दणका बहुधा रविवारी बसतो. घरात दूध नाही, ब्रेड नाही आणि सगळ्या सुपरमार्केटांना कुलूप. मध्यरात्री दोनलाही हवं ते मिळणाऱ्या गावातून आलेल्या मुलाला हे झेपत नाही. इतर दिवशीही बव्हेरियात रात्री आठला शटर खाली येतं. मग घरच्या फोनवर पहिला निष्कर्ष जातो: जर्मन लोक फार शिस्तीचे, किंवा फार धार्मिक.

पण रविवारच्या विश्रांतीला संरक्षण देणारं कलम जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होतं, क्रमांक १३९. ते १९४९ च्या नव्या घटनेने जसंच्या तसं उचललं. बर्लिनने ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली, तेव्हा चर्चने दाद मागितली आणि २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती मुभा रद्द ठरवली. दुकानातल्या कामगारांच्या संघटनाही रविवारच्या बाजूने कायम भांडत आल्या आहेत. म्हणजे श्रद्धा आहे, पण तिच्या जोडीला कायदा आणि कामगारांचं हितही आहे. परदेशात ज्याला आपण लोकांचा स्वभाव म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा कुणीतरी, कधीतरी केलेला एक नियम असतो, असं माझं मत आहे. आणि पाहुण्यापेक्षा यजमानालाच त्याचा जास्त विसर पडलेला असतो.

बाटल्यांचंच पाहा. सुपरमार्केटच्या कोपऱ्यात भिंतीला एक गोल तोंड असतं. त्यात रिकामी बाटली आडवी ठेवायची. यंत्र ती गरगर फिरवून खूण वाचतं, आत ओढतं आणि पडद्यावर २५ सेंट जमा होतात. शेवटी हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दाखवायची. शनिवारी या यंत्रापुढे रांग लागते आणि नवखा अमेरिकी विद्यार्थी त्या रांगेकडे पाहून जर्मनांच्या पर्यावरणप्रेमाचे गोडवे गातो. ही एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवरची अनामत १ जानेवारी २००३ ला सक्तीची झाली. चार बाटल्यांचा एक युरो होतो, तो कोण टाकून देईल? बागेत बसून प्यालेली बाटली लोक कचराकुंडीत न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, कारण ती गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक मागून येतात. ही माणुसकी मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. अनामत नसती तर तिला वावही मिळाला नसता, हेही खरं.

हॉटेलात बसलं की गाडी उलट्या दिशेने धावते. पाण्याचे पैसे पडतात, पेला रिकामा झाला तरी कुणी भरायला येत नाही आणि वेटर दर पाच मिनिटांनी हसून चौकशी करत नाही. मुलांना हे रूक्ष वाटतं. पण अमेरिकेत टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचं किमान वेतन संघराज्याच्या कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि १९९१ पासून ते हललेलं नाही. काही राज्यं जास्त देतात, पण बाकी ठिकाणी पोट टिपेवर. जर्मन वेटरला इतरांइतकंच किमान वेतन कायद्याने मिळतं. तेव्हा अमेरिकेतलं ते गोड हसू निव्वळ अगत्य होतं की त्यात पगाराचाही वाटा होता, हा प्रश्न घराबाहेर पडल्यावरच सुचतो.

वर्गात हीच तऱ्हा. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असतं आणि व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं. हा पाव तास विद्यापीठाची जुनी रीत आहे. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. पण मुलं खरी गडबडतात ती अभ्यासाच्या बाबतीत. अमेरिकी प्राध्यापक पहिल्याच दिवशी सबंध सत्राचा आराखडा हातात ठेवतो. दर आठवड्याला चाचणी, हजेरीला गुण, चुकलात तर आठवणीची ईमेल. इथे अनेक विषयांत शेवटची एकच परीक्षा, मधे कुणी विचारत नाही. ‘सरांना आमची काही पडलेली नाही’ ही तक्रार ठरलेली. तिकडे बापाने वर्षाला हजारो डॉलर मोजलेले असतात, त्यामुळे पोरगं नापास होणं कॉलेजलाही परवडत नाही. बव्हेरियाच्या सरकारी विद्यापीठांनी २०१३ मध्ये शिक्षणशुल्क बंद केलं. (म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना ते पुन्हा लावलं, हे मुलांना तिकडे पाठवू पाहणाऱ्या मराठी पालकांना एव्हाना ठाऊक असेल.) जिथे फी नाही तिथे विद्यार्थी गिऱ्हाईकही नाही आणि लाडका पाहुणाही नाही. अमेरिकी मुलांतली बरीचशी आपल्याच कॉलेजची फी भरून आलेली असतात, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलीचा खर्च ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

सगळंच मात्र नियमात बसवता येत नाही. वसतिगृहातला शेजारी दार लावून घेतो. महिना झाला तरी नमस्कारापलीकडे जात नाही, आणि मुलांना वाटतं आपलं काहीतरी बिनसलं. दारांचं हे प्रकरण अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या पुस्तकात नोंदवलं आहे: जर्मनाला बंद दार नीटनेटकं वाटतं, अमेरिकनाला ते टाळल्यासारखं वाटतं. त्यांच्याही आधी, १९३६ मध्ये, कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही समाजांची तुलना केली होती. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून ते अमेरिकेत आले होते. अमेरिकी माणूस बाहेरून चटकन खुला होतो, पण आतला गाभा राखून ठेवतो. जर्मन बाहेरच अडवतो, पण एकदा आत घेतलं की बराच आत घेतो, अशी त्यांची मांडणी. ती आजच्या पोरांना किती लागू पडते कोण जाणे. एका सत्रासाठी आलेल्याच्या पदरी मात्र फक्त अडवणं पडतं, कारण दार उघडेपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं.

परतल्यावर नजर स्वतःच्या घराकडे वळते. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये सोळाव्या वर्षापासून कायद्याने बिअर मिळते. तिथे सत्रभर निवांत बसलेली वीस वर्षांची मुलगी मायदेशी येते आणि तिला कुणी ग्लासही देत नाही. जर्मन मित्र याला अमेरिकी सोवळेपणा म्हणतात. मूळ शोधायला गेलं तर ते रस्त्यांच्या पैशात सापडतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणांचे अपघात वाढले म्हणून १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला: जे राज्य २१ वर्षांखालच्यांना दारू विकत घेऊ देईल, त्याच्या महामार्ग निधीत कपात. दक्षिण डकोटा राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांनी वय २१ वर नेलं होतं.